राणीला ठेच लागू नये म्हणून

आमच्या बोनसूक्रोममध्ये बाईचं कसं चाललंय हे तिला विचारायचं नसतं, तिचा माल कुठे आहे ते बघायचं. माल डोक्यावर असला तर ती कालपरवा गावाकडून आलेली. माल जमिनीवर गोणपाटावर उतरला, म्हणजे पोटापुरतं मिळतंय. टेबलावर चढला की नवरा तिला विचारून वागायला लागतो. आणि टेबलावर छत्री आली की नात्यातले लोक सोयरिकी घेऊन तिच्याकडे येतात. तिवा ह्या सगळ्या पायऱ्या एकेक करून चढली होती. पोरसवदा वयात डोक्यावर घमेलं घेऊन ती ह्या शहरात उतरली, तेव्हा मान अशी आखडायची की कूस बदलणं मुश्कील. आता ओन्यिना रस्त्यावर, कापडाच्या दुकानापुढे, गटारावर टाकलेल्या फळ्यांवर तिचं टोमॅटोचं टेबल होतं. मान अजूनही ताठच होती, पण कारण वेगळं होतं.

एकच पायरी राहिली होती, राणीच्या स्टुलाची.

आमच्या बाजारात प्रत्येक मालाची एक राणी असते, कांद्याची वेगळी, वांग्यांची वेगळी. ओन्यिना रस्ता टोमॅटोवर वाढला, म्हणून टोमॅटोची राणी तीच अख्ख्या रस्त्याची राणी. कोणी कुठे बसायचं, उत्तरेकडून येणाऱ्या ट्रकवाल्याला काय भाव द्यायचा, दुसरीचं गिऱ्हाईक ओढलं तर काय दंड, हे सगळं ती ठरवते. तिला लहानथोर 'नाना' म्हणतात. हा मान आमच्याकडे बाईमाणसालाही तितकाच शोभतो. बदल्यात तिने एवढंच करायचं, की रोज रस्त्यावर येऊन त्या कोरीव लाकडी स्टुलावर बसायचं. उभी राणी ही राणीच नव्हे.

नाना अफ्राकोमा त्या स्टुलावर इतकी वर्षं बसल्या होत्या, की स्टूल वेगळं आणि नाना वेगळ्या असं कोणाच्या मनातच येत नसे. पण त्यांचे पाय सुजायला लागले तशी कुजबुज सुरू झाली, आता पुढे कोण? लोक दोन नावं घ्यायचे, अचिया आणि तिवा. अचियाचं टोमॅटोचं टेबल तिवाच्या शेजारीच होतं. तोंडाने फटकळ, मनाने मोकळी, उधारी विसरणारी, सगळ्यांची लाडकी. आणि दोन नावं घेताना लोक पहिलं नाव तिचं घेतात, हे तिवाच्या कानाने बरोबर टिपलं होतं. तिला रात्री झोप लागत नसे ती ह्याच खुपण्याने.

आता रस्त्याचं सांगतो. ओन्यिना म्हणजे सावरीचं झाड. ते तोडून बँक झाली, बँक उठून तिथे मोबाइलचं दुकान आलं, नाव तेवढं राहिलं. बोनसूक्रोम एका चौकाचं गाव होतं ते बघता बघता सुटलं. टेकडीपलीकडे कोकोची झाडं होती तिथे सिमेंटची घरं उठली. त्या घरांतली माणसं संध्याकाळी घरी जायला ट्रोट्रो पकडणार, म्हणजे ती खच्चून भरलेली भाड्याची व्हॅन, आणि ट्रोट्रो सुटायच्या ओन्यिना रस्त्याच्या टोकाला. येताजाता माणूस रात्रीच्या कालवणाचं तिथेच घेणार. पालिकेने बाजार बांधला होता, नाही असं नाही. पण तो शहराबाहेर, ऐसपैस, हवेशीर. हवा भरपूर यायची, गिऱ्हाईक यायचं नाही. तेव्हा बायकांनी आधी पदपथ घेतला, मग रस्त्याची कड, मग अर्धा रस्ता. उरलेल्या अर्ध्यातून गाड्या अंग चोरून जायच्या आणि ड्रायव्हर बायकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे, आणि जाताजाता टोमॅटोही घ्यायचे.

रोज नव्या मुली येत. ट्रोट्रोतून उतरल्या की डोक्यावर घमेलं. तिवाला त्यांचा भारी संताप. "कोणीही उठतं आणि येतं," ती म्हणायची. "ह्या पोरींनी रस्ता नासवला." ती स्वतः घमेलं घेऊन आली तेव्हा हेच वाक्य तिने नाना अफ्राकोमांच्या तोंडून ऐकलं होतं. पण माणूस एकदा बसला, की आपण कधी उभे होतो हे त्याला आठवत नाही.

पालिकेचा आणि बायकांचा संसार नीट चालला होता. सकाळी पालिकेचा माणूस येऊन रस्त्यावर बसण्याची पावती फाडायचा, आणि दुपारी पालिकेचीच गाडी रस्त्यावर का बसलात म्हणून काठ्या घेऊन यायची. गाडी येण्याआधी बाजार निरीक्षक अंतवी साहेब स्वतः चौकात उभे राहून उगाच मोठ्याने खोकायचे. मग बायका चादरीची चार टोकं धरून गल्ल्यांत पांगायच्या, गाडी जायची, बायका यायच्या. अंतवी साहेब भला माणूस. रस्ता मोकळा करणं हे त्यांचं काम होतं आणि सगळ्या नोकरीत तो एकदाही मोकळा झाला नव्हता, त्यामुळे बढतीही नव्हती. बिचारे वाट बघून बघून पिकले होते.

आणि ह्या सगळ्याच्या मुळाशी होता दगड. संध्याकाळी माल आवरला की प्रत्येक बाई आपल्या जागेवर एक दगड ठेवून जायची. कोणाचा दगड, कोणाचं मोडकं बाकडं, कोणाचा पालथा खोका. तो असला की जागा तिची. चार महिने बाळंतपणाला गेली तरी तिची. दगडाला कोणी हात लावायचा नाही, काठीवाले सुद्धा लावायचे नाहीत. फक्त एका दिवशी दगड उचलायचे. राणीच्या अंत्यविधीच्या दिवशी. त्या दिवशी म्हणे राणी शेवटची आपल्या रस्त्यावरून चालून जाते, तिच्या पायाला ठेच लागू नये. रीत जुनी होती, पण रीतीला दम राहिला नव्हता. मागच्या राणीच्या वेळी निम्म्या बायकांनी दगड तसेच ठेवले होते आणि दोघीतिघींनी तर दुपारपासून भेंडी विकली होती.

पाऊस सरल्यावर नाना अफ्राकोमा गेल्या. अंत्यविधी शनिवारी त्यांच्या गावी ठरला. विधी झाल्यावर तिथेच, गावातल्या वडीलधाऱ्यांसमोर, रस्त्यावरच्या जुन्या बायका नव्या राणीचं नाव सांगणार होत्या.

तिवा त्या आठवड्यात नीट जेवली नाही. आपल्याला लोक मानतात, पण प्रेम अचियावर करतात, हे तिला कळत होतं. प्रेमात अचियाला हरवणं शक्य नव्हतं. मग एकच उरलं, धाक. हा बेशिस्त रस्ता आपल्या शब्दाने हलतो हे एकदा दाखवून द्यायचं, म्हणजे स्टूल कुठे जातंय ते बघू. तिने जाहीर केलं की ह्या वेळी रीत पुरती पाळायची. एकही दगड, एकही बाकडं, एकही खोका राहता कामा नये. जिचा राहील तिने एक मेंढी आणि दारूच्या दोन बाटल्या द्यायच्या.

बायका कुरकुरल्या. अचियाने तर सगळ्यांसमोर विचारलं.

"तिवाताई, मेलेल्या माणसाला ठेच लागत नाही. लागते ती जिवंताला. एकेक दगड राहू दे की जागेवर."

"तुला नानांची लाज नाही वाटत?" तिवा म्हणाली.

झालं. नानांचं नाव काढल्यावर कोण बोलणार? अचियानेही खांदे उडवले आणि आपला दगड उचलून पिशवीत टाकला.

शुक्रवारी संध्याकाळपासून तिवा टेबलाटेबलापाशी फिरली. साखळीने बांधलेली टेबलं सोडवली. छत्र्यांचे सिमेंटचे बुंधे ढकलत गल्लीत नेले. गटारावरच्या फळ्या काढल्या, तिच्या स्वतःच्यासुद्धा. ज्या फळ्यांवर तिने आपला संसार उभा केला होता, त्या काढताना हात जरा अडखळला, पण पुढे व्हायचं तर आधी आपलं उचललं पाहिजे. भाजलेली केळी विकणारी म्हातारी दगड उचलेना, तर तिवाने तो स्वतः उचलून गटारात टाकला. शनिवारी उजाडताच सगळ्यांकडून झाडूनही घेतलं. कधी नव्हे तो डांबराचा काळा रंग दिसला. रस्त्याच्या मधोमध एक पांढरा पट्टा निघाला. हा इथे आहे हे कोणाला ठाऊकच नव्हतं, बायका त्याच्याभोवती उभं राहून बघत होत्या.

तिवाचा ऊर भरून आला. माझ्या एका शब्दावर, तिला वाटलं. एका शब्दावर.

एवढ्यात अंतवी साहेब आले. काळे कपडे, हातात दुखवट्याला द्यायची दारूची बाटली. चौकात आले आणि थबकले. डोळे चोळले, टोपी काढली. आपण बढतीशिवाय मरणार हे त्यांनी मनाशी कधीच मान्य केलं होतं, आणि समोर हा रस्ता, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"सगळ्या उठल्या?" त्यांनी हळूच विचारलं.

"एक खडा सापडला तर सांगा, साहेब," तिवा म्हणाली. "मी सांगितलंय सगळ्यांना."

साहेबांनी खिशातून मोबाइल काढला. तिवाने पदर सारखा केला, म्हणजे खांद्यावरचं ते दुखवट्याचं लाल-काळं कापड, आणि मधोमध उभी राहिली. साहेबांनी मोबाइल वर धरला, खाली घेतला, पुन्हा वर धरला.

"जरा बाजूला होता का?" ते अदबीने म्हणाले. "रस्ता मोकळा दिसला पाहिजे."

ती बाजूला झाली.

अंत्यविधी थाटात झाला. ढोल वाजले, तीन गावचे लोक आले, फुफूचे मऊसूत गोळे आणि रस्सा पुरून उरला. नानांच्या भावाने सांगितलं, की बहिणीला एवढा मान ह्या रस्त्याने जिवंतपणीही दिला नव्हता. ज्या बाईने दगड हलवले, ती रस्ता चालवील, असं जुन्या बायका म्हणाल्या आणि त्यांनी तिवाचं नाव घेतलं. अचियाने आधी मिठी मारली आणि मग कानात सांगितलं, की आता तरी जरा हस. ते कोरीव स्टूल तिवाच्या हाती आलं तेव्हा ती हसली नाही, रडली. अगदी हुंदके देऊन रडली. घमेल्याखाली आखडलेली ती पोर तिला आठवली असावी.

रविवार प्रार्थनेत गेला. सोमवारी पहाटे तिवा स्टूल घेऊन ओन्यिना रस्त्यावर आली, तर पदपथाच्या कडेने पिवळे लोखंडी कठडे उभे. जिथे तिच्या फळ्या होत्या तिथे सिमेंटची गोल कुंडी, कमरेएवढी, आत झेंडूचं एक रोप. अशा कुंड्या थेट टोकापर्यंत. सिमेंट अजून ओलं होतं. चौकात पाटी, 'आदर्श रस्ता, बसण्यास मनाई'. पाटीखाली दोन पोलीस.

रेडिओवर सकाळपासून तेच चाललं होतं. शहराच्या भल्यासाठी ओन्यिना रस्त्यावरच्या माताभगिनींनी आपण होऊन रस्ता मोकळा केला. काठी न चालवता, समजुतीने. निरीक्षक अंतवी यांच्या चिकाटीचं कौतुक. आणि महिलांच्या दूरदर्शी पुढारी तिवा यांचे विशेष आभार.

बायका तिवाकडे बघत होत्या.

तिवा तशीच पालिकेत गेली. अंतवी साहेबांना नवी खोली मिळाली होती, पंखा होता, खुर्ची फिरायची. त्यांनी तिला बघताच उठून नमस्कार केला, नाना म्हणून बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. माणूस भलाच होता, त्यात वाद नाही. तिवाने विचारलं, की आम्ही एका दिवसासाठी उठलो होतो, मेलेल्या बाईच्या मानासाठी, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का? साहेब म्हणाले, ठाऊक होतं. मी दुखवट्याला बाटली नव्हती का आणली?

"मग?"

साहेबांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. "नाना, तुमचा एक दगड जरी राहिला असता ना," ते म्हणाले, "तर मला नोटीस द्यावी लागली असती. मग सुनावणी. मग तुमचा वकील, मग चर्चचे लोक, मग निवडणूक. त्या एका दगडापायी माझी अख्खी नोकरी बढतीवाचून गेली. पण दगडच नव्हता. मोकळा रस्ता म्हणजे मोकळा रस्ता. तिथे कोणाला नोटीस देणार?"

लोक आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात. तिवाने धोंडा उचलून पाय मोडून घेतला होता. ती पाणी न पिता उठली.

आदर्श रस्ता मात्र खरोखर आदर्श झाला. चार दिवस. तेवढ्यात सगळ्या शहराला बातमी लागली, की ओन्यिना रस्ता मोकळा आहे, चौकापासून रुग्णालयापर्यंत सरळ जाता येतं. मग ज्याच्याकडे चाक होतं तो तिथे आला. पाचव्या दिवशी मोटारी एकीला एक लागून अशा अडकल्या की ड्रायव्हर इंजिन बंद करून पाय बाहेर काढून बसले. बायका होत्या तेव्हा निदान अर्धा रस्ता चालायचा. आता अख्खा अडला. आणि अडलेल्या मोटारीत बसलेल्या माणसाएवढं हक्काचं गिऱ्हाईक जगात नाही. डोक्यावर घमेली घेतलेल्या नव्या मुली मोटारींच्या रांगांमधून पाण्याच्या पिशव्या, केळ्याचे काप, टोमॅटो विकत फिरू लागल्या. पोलीस त्यांना अडवणार कसे? त्या रस्त्यावर बसल्या नव्हत्या. पाटीवर फक्त बसायला मनाई होती.

टेबलवाल्या बायकांनीही एकेक करून घमेली काढली. अचियाने पहिल्याच दिवशी काढलं, चार शिव्या हासडल्या आणि गेली मोटारींच्या रांगांत. तिवा घरी बसून राहिली. राणी फिरून विकत नाही. पण राणीला भूक लागते, पोरांची फी भरावी लागते, आणि उंबऱ्यात ठेवलेल्या स्टुलाकडे बघून फी भरता येत नाही. पुढच्या सोमवारी तिने घमेल्यात टोमॅटो रचले, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि निघाली. मानेने तिला लगेच ओळखलं आणि पहिल्या शंभर पावलांतच आखडली.

दोन रांगांमधून ती जेमतेम एका व्हॅनपर्यंत पोचली, तर समोरून एक मुलगी आली. नवीनच, गावाकडची, घमेलं असं सहज तोललेलं की हात लावायची गरज नाही.

"मावशी, ही रांग माझी आहे," मुलगी म्हणाली. आवाज काही उद्धट नव्हता. "तुम्ही पलीकडच्या रांगेत बघा." आणि मागच्या मैत्रिणीला ऐकू जाईल अशा बेताने, "कोणीही उठतं आणि येतं हल्ली. नासवला रस्ता."

तिवाने घमेलं सावरलं. ती पलीकडच्या रांगेत गेली. तिथे पांढऱ्या मोटारीची काच खाली आली आणि आत अंतवी साहेब, घामाघूम. सकाळपासून अडकले होते, नव्या मोटारीत, आपल्याच रस्त्यावर. त्यांनी टोमॅटो घेतले, घासाघीस केली नाही, दोन सेडी जास्तच दिले. मग मान खाली घालून म्हणाले, की नाना, तुम्हाला असं उभं बघवत नाही.

"मग बघू नका," तिवा म्हणाली आणि पुढे गेली.

संध्याकाळी मोटारी हलल्या, गर्दी ओसरली, पोलीस जेवायला गेले. तिवा आपल्या जुन्या जागेपाशी आली. झेंडू सुकून गेला होता. कुंडीच्या रुंद काठावर कोणीतरी मुठीएवढे कांदे रचून विकले असावेत, सालं पडली होती. अचिया तिथेच घमेलं पालथं घालून पाय चोळत होती. तिवाने तिच्याकडे बघितलं नाही. ती गटाराशी वाकली, बाही वर सारून हात घातला आणि चाचपून एक दगड वर काढला. केळीवाल्या म्हातारीचाच असावा. तिने तो कापडाने पुसला आणि कुंडीच्या पायाशी, ऐन चालायच्या वाटेत, ठेवला.

अचिया बघत होती. टोमणा मारायची एवढी चांगली संधी आयुष्यात पुन्हा येणार नव्हती, पण तिने ती घालवली.

"तिवाताई, अगं, नाना अजून इथून फिरत असतील तर," ती म्हणाली. "अडखळून पडतील की."

"पडू देत," तिवा म्हणाली. "मी इथेच बसलेली असेन. उचलीन."

अचियाने आपली पिशवी उघडली आणि तळाशी हात घातला. तिचा दगड अजून पिशवीतच होता.